तापट माशाचे शेजारी : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील सहवासाचा अभ्यास

आपल्या बेळगाव-शहापूरच्या घरांतून काचेची मत्स्यपेटी आता अपूर्वाईची राहिलेली नाही. गप्पी, मोली, गोल्डफिश, एंजल ही मंडळी दिवाणखान्यात सुखाने नांदताना दिसतात. मासे विकणाऱ्या दुकानात गेल्यास मात्र एक गोष्ट आपले लक्ष वेधून घेते. सर्व मासे मोठ्या टाक्यांत एकत्र असतात आणि 'फायटर' तेवढा एकेका बाटलीत वेगळा ठेवलेला असतो. दोन नर एकत्र आले की एकमेकांचे पंख फाडतात, म्हणून ही व्यवस्था. त्यावरून सामान्य माणसाचा असा समज होतो, की भांडखोर मासा त्याच्याच जातभाईपासून दूर ठेवला म्हणजे प्रश्न मिटला.

गोड्या पाण्यातील फायटरपुरता हा नियम बराचसा खरा आहे. खाऱ्या पाण्यातील भांडखोर माशांना तो पुरत नाही. तेथे कोण कोणाचा वैरी होईल हे जातीवरून, आकारावरून, तोंडाच्या ठेवणीवरून, इतकेच नव्हे तर पेटीत कोण आधी आला यावरूनही ठरते. प्रस्तुत लेखात 'ट्रिगर' या माशाचे उदाहरण घेऊन त्याला शेजारी कसे निवडावेत याचा विचार करावयाचा आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातून वर्तनशास्त्राचा एक धडा मिळेल, आणि ज्यांना खाऱ्या पाण्याची पेटी उभारण्याची हौस आहे त्यांच्या हातून काही मुके जीव वाचतील अशी आशा आहे.

१. ट्रिगर माशाची ओळख

मुंबईला चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. महाराष्ट्रातील आणि आपल्या सीमाभागातीलही कित्येक पिढ्यांनी समुद्रातील जिवंत रंगीत मासे प्रथम पाहिले ते तेथेच. अशा मत्स्यालयांत चपट्या अंगाचा, डोळे कपाळाच्याही वर चढलेला आणि चेहऱ्यावर सदा नाराजी असलेला एक मासा असतो. तोच ट्रिगर. बॅलिस्टिडी या कुलात त्याच्या सुमारे चाळीस जाती आहेत.

'ट्रिगर' म्हणजे बंदुकीचा घोडा. या माशाच्या पाठीवरील पहिला काटा जाड असून तो उभा केला की त्यामागचा दुसरा काटा त्याला खिटीप्रमाणे अडकवून धरतो. मग पहिला काटा कितीही दाबला तरी खाली बसत नाही, दुसरा दाबला की तो लगेच पडतो. रात्री झोपताना किंवा शत्रू मागे लागला असता ट्रिगर खडकाच्या कपारीत शिरतो, काटा उभा करतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो.

त्याचे जबडे आखूड पण अतिशय बळकट, आणि दात छिन्नीसारखे असतात. खेकडे, शिंपले व काटेरी समुद्री अर्चिन हे अनेक जातींचे नेहमीचे अन्न. अर्चिनच्या काट्यांना तोंड न लावता काही ट्रिगर तोंडातून पाण्याचा झोत सोडून त्याला उलथा करतात आणि खालच्या मऊ बाजूने फोडतात. ही हुशारी पेटीत आली म्हणजे काय होते ते ध्यानात घ्यावे. दगड हलविणे, वाळू उकरणे, हीटरची वायर चावणे, हे सर्व उद्योग तो करतो.

आपल्या किनाऱ्याशी या कुलाचा संबंध आहे. लाल दातांचा ट्रिगर, म्हणजे ओडोनस नायजर, अरबी समुद्रात मोठमोठ्या थव्यांनी आढळतो. मंगळूर-मालपेकडे त्याला 'कारगिल' म्हणतात. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या सुमारास तो जाळ्यांत विपुल येऊ लागला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. जो मासा पेटीवाल्यांच्या दुकानात मोठ्या किमतीला जातो, तोच बंदरावर कमी भावाने मत्स्यचूर्णाच्या कारखान्याकडे रवाना होतो.

२. तो भांडतो कशासाठी?

प्रवाळखडकावर अन्न भरपूर पण जागा तुटपुंजी असते. झोपावयाची कपार, चरण्याचा पट्टा, अंडी घालण्याचा वाळूचा तुकडा, या प्रत्येकासाठी स्पर्धा चालते. ज्याने जागा धरली त्याला ती राखावी लागते. टायटन ट्रिगर हा सुमारे पाऊण मीटरपर्यंत वाढणारा मासा अंड्यांवर पहारा देत असता पाणबुड्या माणसावरही चाल करून जातो. त्याचा हा तापटपणा जागेच्या हिशेबातून आलेला आहे.

१९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा आरंभ प्रवाळमाशांच्या निरीक्षणानेच केला. भडक रंगाचे मासे परक्या जातीपेक्षा स्वजातीयावर अधिक तुटून पडतात असे त्यांनी दाखविले. कारण उघड आहे. स्वजातीयाला तेच अन्न, तीच कपार आणि तीच मादी हवी असते. पुढील अभ्यासकांनी यात भर घातली, ती अशी की परक्या जातीचा मासासुद्धा तेच अन्न खात असेल, तर त्यालाही हाकलले जाते. म्हणजे वैर जातीशी नसून गरजेशी असते. ज्याची गरज आपल्यासारखी, तो वैरी. शेजारी निवडण्याच्या सर्व नियमांचा पाया हाच आहे.

आता समुद्र आणि पेटी यांतील मोठा फरक पाहू. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथे संपते. पेटीत त्याला पळावयाला पाचसहा फूट मिळतात आणि मग काच लागते. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने हरलेला मासा अजून हद्दीतच असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा हल्ला करतो. पेटीत मरणारे बहुतेक मासे एका चाव्याने मरत नाहीत. ते कोपऱ्यात दबून राहतात, अन्नाला येत नाहीत, अशक्त होतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारख्या एखाद्या रोगाला बळी पडतात. मालक म्हणतो, रोगाने गेला. मूळ कारण शेजारी असतो.

३. आधी घर, मग शेजारी

घराचा विचार न करता शेजाऱ्यांचा विचार करणे व्यर्थ आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीचे घनफळ २४ घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे ही पेटी सुमारे ६८० लिटरची झाली. मध्यम आकाराच्या ट्रिगरसाठी आणि मोजक्या सोबत्यांसाठी याहून लहान पेटी घेऊ नये. नुसत्या पाण्याचेच वजन साडेसहा क्विंटलच्या वर जाते, हे जुन्या घराच्या माडीवर पेटी मांडणाऱ्याने विसरू नये.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या हिशेबाने ६८० लिटरला जवळजवळ २४ किलो क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण त्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे योग्य प्रमाण नसते. घाट उतरून कारवारहून पाणी आणू म्हणणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार करावा. काळी नदीच्या पुराने त्या दिवसांत किनाऱ्याचे पाणी अगोड, अखार होऊन जाते. राकसकोपचे वा हिडकलचे नळाचे पाणी वापरावयाचे तर त्यातील क्लोरीन आधी घालविले पाहिजे. विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस राखावे. मुंबईकराला हीटर क्वचितच लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो लागतोच.

पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे ती मुरू द्यावी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढावयास वेळ लागतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, शिवाय त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा त्यात प्राणवायूही सुमारे एक-पंचमांश कमी विरघळतो. ट्रिगर खादाड व घाण करणारा मासा असल्याने गर्दीचे दुष्परिणाम येथे दुप्पट वेगाने दिसतात. वीज गेल्यावर हवा देणारा बॅटरीवरील पंप जवळ ठेवावा.

खडक रचताना झोपण्याच्या कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त असाव्यात. खडक पेटीच्या तळावर टेकवून मग वाळू घालावी, नाहीतर ट्रिगर वाळू उकरून डोलारा पाडील. जिवंत वा मेलेले प्रवाळ किनाऱ्यावरून उचलून आणू नये. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकडी इत्यादी प्राण्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे.

४. शेजारी निवडण्याच्या पाच कसोट्या

पहिली कसोटी तोंडाची. जो मासा तोंडात मावतो तो शेजारी नव्हे, खाद्य होय. मोजमाप आजच्या आकारावर न करता वाढलेल्या आकारावर करावे. दुकानातील बोटाएवढा क्लाउन ट्रिगर पुढे अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो.

दुसरी कसोटी साम्याची. आकार, रंग व खाणे यांत जितके साम्य, तितके वैर. म्हणून एका पेटीत दोन ट्रिगर ठेवू नयेत. उंच चपट्या अंगाचा, खेकडे-शिंपले खाणारा दुसरा मासाही टाळावा. शेवाळ खाणारा मासा त्या मानाने सुरक्षित, कारण त्याचे ताट वेगळे.

तिसरी कसोटी मजल्याची. काही मासे पेटीच्या वरच्या भागात पोहतात, काही मधल्या आणि काही तळाशी कपारीत राहतात. काही दिवसा जागतात, काही रात्री. शहापुरातील विणकरांच्या जुन्या घरांत एकाच खोलीत माग, चूल आणि अंथरूण असे. वेळा आणि जागा ठरलेल्या असल्यामुळे ते निभत असे. पेटीतही वेळ आणि जागा वेगळी असणारे मासे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

चौथी कसोटी वेगाची. ट्रिगर पाठीचा व गुदाजवळचा पंख हलवीत संथ पोहतो, परंतु अन्न पडताच शेपटीच्या फटक्याने झेप घेतो. शेजारी तेवढाच चपळ नसेल तर उपाशी राहील. लांब लोंबणारे पंख असलेला संथ मासा तर येथे मुळीच नको. त्याचे पंख ट्रिगरला खाद्यच वाटतात.

पाचवी कसोटी संरक्षणाची. शेजाऱ्याजवळ काटा, जाड कातडी किंवा पुरेसे मोठे अंग यांपैकी काहीतरी हवे. त्याने लढावे असा याचा अर्थ नाही. त्याला त्रास देणे महाग पडते, एवढे ट्रिगरला समजले की पुरे.

या कसोट्या एकेका जोडीला लावावयाच्या आहेत, हे महत्त्वाचे. चार माशांत जोड्या होतात सहा. पाच माशांत दहा आणि सहा माशांत पंधरा. म्हणजे पाच माशांच्या शांत पेटीत 'अजून एकच' मासा सोडला की पाच नवी नाती तपासावी लागतात. हौशी मंडळींचा हिशेब चुकतो तो येथे.

५. काही उमेदवार

सर्व ट्रिगर सारखे तापट नसतात. त्यांच्या तोंडाकडे पाहावे. लाल दातांचा ट्रिगर, निळ्या गळ्याचा झँथिक्थिस आणि मेलिक्थिसच्या जाती बऱ्याच अंशी पाण्यात तरंगणाऱ्या अन्नावर जगतात व उघड्या पाण्यात पोहतात. लाल दातांच्या जातीचे तोंड तर वरच्या बाजूला वळलेले दिसते. हे स्वभावाने त्यातल्या त्यात सौम्य. तळावरचे कठीण कवचाचे प्राणी फोडणारे पिकासो, क्लाउन, क्वीन आणि नारिंगी रेघांचा बॅलिस्टापस अधिक तापट असतात, आणि शेवटचा तर सर्वांत अधिक. तेव्हा शेजारी निवडण्याची पहिली पायरी म्हणजे मूळ मासाच सौम्य जातीचा निवडणे.

समजा, आपल्या सहा फुटी पेटीत लाल दातांचा लहान ट्रिगर ठेवावयाचा आहे. त्याला पुढील सोबती तपासून पाहू.

सर्जन मासा : शेवाळ खातो, चपळ असतो, शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असतो. चालेल, पण एकच.

रॅबिटफिश : तोही शेवाळ खाणारा, आणि पंखांच्या काट्यांत विष असते. उत्तम. हाताळताना आपणच जपावे.

स्नोफ्लेक मोरे : ही वामीसारखी लांब, कपारीत राहणारी, बहुधा रात्री हिंडणारी. खेकडे व कोळंबी खाते. मजला आणि वेळ दोन्ही वेगळे, म्हणून चालेल. पेटीचे झाकण मात्र घट्ट हवे.

सिंहमासा : विषारी काटे आहेत, तरीही नको. तो संथ आहे आणि त्याचे लांब पंख ट्रिगर कुरतडतो. पाचवी कसोटी उत्तीर्ण होऊन चौथीत नापास झालेल्या उमेदवाराचे हे उदाहरण.

केंड : अंग फुगवितो, कातडी जाड, पण चाल मंद, आणि खाणेही ट्रिगरसारखेच. टाळलेला बरा.

गोब्रा : अंगाने दणकट, ट्रिगर त्याच्या वाटेला जात नाही. परंतु मोठ्या जाती कोणत्याही घरगुती पेटीत मावत नाहीत, आणि वाढल्यावर तो इतरांनाच गिळतो. लहान राहणारी जात असेल तरच विचार करावा.

विदूषक मासा, लहान डॅमसेल, समुद्रघोडा, कोळंबी, शंखातले खेकडे : यांना ट्रिगरच्या पेटीत सोडणे म्हणजे त्यांना ताटात वाढणे होय. विदूषक माशांची पैदास मंडपम येथील केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने करून दाखविली आहे. नवशिक्याने खरे म्हणजे तापट माशापेक्षा अशा पैदाशीच्या माशांची वेगळी, शांत पेटी करणे श्रेयस्कर.

६. सोडण्याचा क्रम

ज्याने जागा आधी धरली तो नव्याशी अधिक जोराने लढतो आणि बहुधा जिंकतो. यावरून नियम निघतो, की सर्वांत सौम्य मासा प्रथम व सर्वांत तापट मासा शेवटी सोडावा, आणि तोही आकाराने इतरांपेक्षा लहान असावा.

प्रत्येक नवा मासा सुमारे चार आठवडे निराळ्या पेटीत ठेवून रोगमुक्त असल्याची खात्री करावी. तांब्याचे औषध द्यावयाचे असल्यास ते याच पेटीत द्यावे, मुख्य पेटीत नव्हे. कवचाच्या व मऊ अंगाच्या प्राण्यांना तांबे मारक असते.

ट्रिगर आधीच नांदत असेल आणि नवा शेजारी आणावयाचा असेल, तर ट्रिगरला काही दिवस दुसऱ्या पेटीत हलवावे, मुख्य पेटीतील खडकांची रचना बदलावी, नव्याला स्थिरावू द्यावे आणि मग ट्रिगरला परत आणावे. जुन्या खुणा नाहीशा झाल्यामुळे त्याचा हद्दीचा दावा सैल पडतो. ते जमत नसेल तर भोके असलेला पारदर्शक पडदा मध्ये घालून आठ-दहा दिवस दोघांना नुसते एकमेकांना पाहू द्यावे. ओळखीच्या शेजाऱ्याशी होणारे भांडण परक्याशी होणाऱ्या भांडणापेक्षा सौम्य असते, हे अनेक प्राण्यांत दिसून आले आहे. पडदा काढावयाचा तो पोटभर अन्न दिल्यानंतर, दिवे मालवून.

अन्न एकाच ठिकाणी टाकू नये. पेटीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकावे. बेळगावच्या बाजारात गोव्या-कारवारकडून येणारी कोळंबी व तिसऱ्या स्वच्छ धुऊन कवचासकट द्याव्यात. ट्रिगरचे दात सतत वाढतात, कठीण अन्नाने ते झिजतात, आणि जबड्याला काम मिळाल्यावर शेजाऱ्याकडे वळण्याची प्रवृत्तीही थोडी कमी होते.

७. निरीक्षणाची वही

विद्यार्थ्यांनी हे प्रात्यक्षिक म्हणून करावे. सकाळी अन्नापूर्वी व सायंकाळी अन्नानंतर पंधरा-पंधरा मिनिटे पेटीसमोर स्वस्थ बसावे. प्रत्येक माशासाठी चार रकाने आखावेत : पाठलाग किती, चावे किती, किती वेळ लपला, अन्नाला आला की नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतील पाठलागांनी घाबरू नये, हद्दी ठरत असतात. आकडा दिवसेंदिवस उतरत गेला तर सहवास जमला. आकडा तसाच राहिला, पंख फाटले, श्वास जलद झाला, किंवा एखादा मासा सलग तीन दिवस अन्नाला आला नाही, तर वाट न पाहता त्याला बाहेर काढावे. म्हणजेच दुसरी रिकामी पेटी तयार नसेल, तर नवा मासा आणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

बाहेर काढलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या जाणकाराकडे सोपवावा. गोव्याला जाऊन समुद्रात सोडू नये. सिंहमासा मूळचा आपल्या बाजूच्या समुद्रांतला. १९८५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याला तो प्रथम दिसला, आणि पेट्यांतून सोडलेल्या माशांपासून त्याची तेथील पैदास सुरू झाली असे मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रातील स्थानिक माशांचा फडशा पाडीत आहे.

८. कोणीच नको, हेही उत्तर

एवढ्या कसोट्या लावूनही कित्येकदा उत्तर येते ते असे, की या माशाला शेजारीच नको. नारिंगी रेघांच्या बॅलिस्टापसच्या बाबतीत तर बहुधा हेच उत्तर येते. असा मासा एकटा ठेवावा. मालकाला ओळखणारा, अन्नासाठी काचेशी येणारा, दगड उचलून दुसरीकडे मांडणारा हा प्राणी एकटाही पाहण्यासारखा असतो. आपली पेटी भरलेली दिसावी ही हौस आपली असते, त्याची नसते.

समुद्री शोभेचे बहुतेक मासे अजूनही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. पेटीत चुकीच्या शेजारामुळे एक मासा मेला, की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. तेव्हा निवडीची चूक काचेच्या आत संपत नाही, तिचा भार समुद्रावर पडतो. मासा विकत घेण्यापूर्वी कागदावर सर्व जोड्या लिहून पाच कसोट्या लावून पाहणे, याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास प्रत्येकाने द्यावा.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) पाच माशांच्या पेटीत दोन नवे मासे सोडल्यास किती नव्या जोड्या तपासाव्या लागतील?
(२) सिंहमाशाजवळ विष असूनही तो ट्रिगरचा शेजारी म्हणून अयोग्य का?
(३) चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत किती लिटर पाणी मावेल, आणि त्यास किती क्षार लागतील?
(४) तापट मासा शेवटी का सोडावा, हे हद्दीच्या कल्पनेवरून स्पष्ट करा.